आईशी कोण बोलतं

१२ नोव्हें., बुध.
दादाने जेवताना जाहीर केलं. चाळ पाडणारच आहेत. टॉवर होईस्तोवर भाड्याने राहा, मग टॉवरचा मेंटेनन्स भरत बसा, त्यापेक्षा आत्ताच खोली विकायची आणि लांब कुठेतरी दोन बेडरूमचं घर घ्यायचं. "फॅमिलीसाठी चांगली जागा. शाळा, बाग, शेजारपाजार."
शेजारपाजार म्हणे. लालबागमध्ये काय गुरं राहतात?
वहिनीने मोबाइलवर जाहिरात दाखवली. एक बाप्या, एक बाई, दोन पोरं, एक कुत्रा हिरवळीवर पळतायत. कशाच्या मागे पळतायत कळत नाही. मी विचारलं, यात आई कुठाय? वहिनी म्हणाली, "भावजी, जाहिरात आहे ती."
जागा बघायला जायचं काम माझ्या गळ्यात. "तुला तसंही काय काम असतं, मंग्या?" असतं. लग्नसराई सुरू झाली की बंड्याकडे मांडवाच्या लाइटिंगला जातो मी. अजून सुरू झाली नाही एवढंच.
आई बांगड्याचे काटे उचलून बाहेर गेली.

१४ नोव्हें.
डोकं ठणकतंय अजून. शि. पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, विचार करायला. नेटमध्ये एक दोन वेण्यांची पोरगी ऑफस्पिन टाकत होती. समोर मिशा फुटलेला पोरगा. तिने त्याचा स्टंप पाडला, तो म्हणाला तयार नव्हतो. परत पाडला, म्हणाला बॉल जुना आहे. मग हिने नवा बॉल आणून पाडला. अंधार पडेपर्यंत तेच बघत बसलो. विचार राहिला.

१६ नोव्हें., रवि.
बदलापूर. साइट नदीच्या बाजूला म्हणून मी नदीच्या बाजूला गेलो. तिथे चार माणसं गळ टाकून बसलेली. एकाला मोठी मरळ लागली. ती गवतात उड्या मारत परत पाण्याकडे निघाली, सगळे तिच्या मागे, मी पण. मग त्यांनी चहा पाजला. मग ऊन उतरलं.
घरी आल्यावर दादा : "किचन कुठल्या बाजूला?"
मी : "पूर्वेला."
"पाणी?"
"चोवीस तास."
दादा शांतपणे म्हणाला, "त्या सेल्सच्या बाईचा फोन आलेला. तू पोचलाच नाहीस."
पुढचं लिहीत नाही. चाळीने ऐकलं. शेवटी दादा म्हणाला, पुढच्या रविवारी आई येईल बरोबर. म्हणजे आईला मी दाखवायला नेणार असं नाही. आई मला नेणार. सव्वीस वर्षांच्या माणसाला.

१८ नोव्हें.
आज बसल्या बसल्या सुचलं, म्हणजे रागाने सुचलं. दादा सकाळी जाणार. वहिनी परळला हॉस्पिटलच्या बिलिंगवर, ती पण जाणार. दादाची चिऊ शाळेत. मग आई अकराव्या मजल्यावर दार लावून काय करणार दिवसभर? भिंतीशी बोलणार? इथे दुपारी दार उघडं असतं. शेजारच्या नार्वेकर मावशी लसूण घेऊन येतात, मागून आणखी कोणी येतं, मी असलो तर मी पण बसतो सोलायला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीची बित्तंबातमी. बाग आणि शाळा बघतायत सगळे. आईशी कोण बोलणार ते कोणी बघत नाही.
तर मी बघणार. आईला बाकावर बसवायचं आणि मी लांब उभं राहायचं. कोणी आपणहून येऊन बोललं तर ठीक. नाहीतर ती जागा बाद, फ्लॅट सोन्याचा असला तरी.
दादाला सांगितलं नाही. आईला पण नाही.

२३ नोव्हें., रवि.
विरार. टायवाल्या पोराने सगळं फिरवून दाखवलं. "हा आपला सीनियर सिटिझन झोन." प्लॅस्टिकचं गवत, नवीकोरी बाकं, चिटपाखरू नाही. आई म्हटली पाय दुखतात, मी म्हटलं बस. स्वतः जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो.
एक पोरगा सायकलवर गोल गोल फिरत होता. एक बाई फोनवर बोलत गेली. एक माणूस कुत्र्याशी बोलत गेला, कुत्र्याशी. मग वॉचमन आला. "माताजी, किसके यहाँ?"
आई म्हणाली, "कोणाच्या नाय. बसलंय."
तो म्हणाला, घर बघायला आलेल्यांनी ऑफिसात बसायचं, इथे नाही. मी टाकीमागून निघालो आणि त्याच्यावर जो सुटलो. बाकं काय फोटो काढायला ठेवलीत का, वगैरे. तो बिचारा "साहब, ऑर्डर है" एवढंच म्हणत होता.
रिक्षात आईने मलाच धरलं. "तेच्यार कशाक ओरडलंस? तेचा काय चुकला?"
"तुला उठवलं त्याने."
"माझे पाय बरे झालेले." मग थोड्या वेळाने, "संडासाक खिडकी हा, बघलंस?"
खिडकी. मी काय बघतोय, ही काय बघतेय.
विरार बाद.

२६ नोव्हें.
दादाशी परत. म्हणतो विरारमध्ये काय खोट होती? मी म्हटलं माणसं बरी नाहीत. "तू किती जणांना भेटलास?" एकालाही नाही, तेच तर. पण हे त्याला सांगून कळणार नाही. दादाला सगळं कार्पेट एरियात कळतं.
बाहेर पडलो. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटत होते, रस्ताभर सगळे शिंकतायत. एक परदेशी बाई ठसका लागून खाली बसली तर तीन दुकानांतून तीन पाण्याचे ग्लास आले. तिला कुठला आधी घ्यावा कळेना. हे मी दादाला दाखवायला पाहिजे होतं. अशा वेळी तो ऑफिसात.
समोरच्या दोन खोल्यांना कुलपं लागली. एक जण कळव्याला, एक पनवेलला. जाताना सांगून गेले, या हं घरी. पत्ता कोणी दिला नाही.

३० नोव्हें., रवि.
डोंबिवली.
जुन्यातलं कॉम्प्लेक्स, चार मजली, मधे बदामाचं झाड आणि त्याखाली बाक. गेटवरच्या वहीत नाव-नंबर लिहिला, सी विंगमधली जागा बघून खाली आलो. आईने गुळातले शेवेचे लाडू घेतलेले, वाटेत खायला, बाबांचं नाव कोरलेल्या डब्यात. तो डबा घेऊन ती बाकावर बसली. मी इस्त्रीवाल्याकडे उभा राहिलो. तो तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारा मारतो, इतका बारीक की उन्हात रंग दिसतात. एका सदऱ्याला एकच फवारा, दुसरा नाही. ते बघण्यात आईकडे बघायचं राहिलं.
बघतो तर एक बाई बाकावर. चष्मा, गाऊनवर ओढणी. आई बोलतेय, ती मान डोलावतेय. आईने डबा उघडून पुढे केला. तिने लाडू घेतला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. वाटलं दादाला फोन करून सांगावं, मिळाली जागा.
जवळ गेलो. बाई विचारत होती, "मग कुठल्या विंगमध्ये करता तुम्ही? पोळ्या पण कराल का? माझी बाई गावी गेलीय."
आणि आई म्हणतेय, "पोळ्यो होतत. भाकऱ्यो जास्त बऱ्यो होतत."
मी म्हटलं, ही माझी आई आहे. आम्ही घर घ्यायला आलोय इथे, कामाला नाही. आणखी पण बोललो. लुगडं बघून माणूस ओळखता का म्हणालो. आमच्यासारख्यांनी गिरण्या चालवल्या म्हणून तुमच्या अंगावर कपडे आले, असं पण काहीतरी. बाईच्या हातात अर्धा लाडू तसाच. वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. आता आली.
आईने माझं मनगट धरलं. "गप. चल."
स्टेशनवर लक्षात आलं, डबा नाही. आई म्हणाली, "थयच ऱ्हवलो." मी म्हटलं आणतो. म्हणाली, "नको."
बाबांच्या नावाचा डबा, त्या बाईकडे.
डोंबिवली बाद. कायमची.

३ डिसें., बुध.
जेवताना दादाने सरळ आईला विचारलं. हा काय धड सांगत नाही, तूच सांग. तुला कुठलं आवडलं?
"डोंबिवली."
मला ठसका लागला. चिऊने पाठीत मारलं.
नंतर गॅलरीत आईला गाठलं. कामवाली समजले तुला तिथे, म्हटलं. आई कपडे काढत होती दोरीवरचे.
"इचारल्यान तरी तिना. इरारात कोणी इचारल्यान?"
"म्हणजे काही विचारलं तरी चालेल?"
"भाकऱ्यो करतंयच ना मी? खोटा काय बोलली ती?"
मी बोललो बरंच. इथे दिवसभर माणसं असतात, मावशी येतात, तिथे दार लावून बसणार आहेस का एकटी.
आईने कपडे खांद्यावर टाकले आणि माझ्याकडे बघितलं, मी चिऊएवढा असल्यासारखं. "माका दार होया. आतसून लावूक." लग्न होऊन आल्यापासून हिला दुपारची झोप नाही. जरा आडवं व्हावं तर कोणी ना कोणी टपकतं, आणि उघड्या दारात निजणार कशी. संडासाला रांग, हातात टमरेल, समोर सगळी चाळ. हे सगळं तिने असं सांगितलं, जसं बाजारात भेंडी महाग झाली.
"मग मावशी?"
"नार्वेकरीण तुझ्या गजाली ऐकूक येता, मेल्या. लसूण सोलतंय मी."
"मला कधी सांगितलं का नाहीस?"
"तू घरात असतंस खय?"
आत जाता जाता म्हणाली, "आणि तुका काय वाटला, मी डबो इसारलंय?"

४ डिसें.
सकाळपासून चालतोय. लालबाग, परळ, मग दादर, चौपाटीवर पाण्यापर्यंत. म्हणजे ठेवून आली ती डबा. मुद्दाम. दिलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही, आणि परत करायचं म्हणजे परत बोलायचं. मी तिथे छाती काढून भांडत होतो तेव्हा हिचं आपलं जमवून झालं होतं.
कोणावर चिडायचं तेच कळत नाही. आईवर चिडता येत नाही. दादावर चिडून चिडून संपलो. निघताना बिल्डरचा माणूस चाळीच्या पायऱ्यांवर भेटला, त्याच्यावर चिडलो, तो म्हणाला तुमची खोली कुठली? म्हटलं, तुम्हाला काय करायचंय?
सगळी चाळ मला नावाने ओळखते. चार घरांत माझा चहा असतो. बाकावर मला बसवायला पाहिजे होतं.

७ डिसें., रवि.
त्या बाईचा फोन. माझ्याच नंबरवर, गेटच्या वहीतला. "तुमचा डबा आहे माझ्याकडे." मी म्हटलं हो. ती म्हणाली, "त्या दिवशी माझं चुकलं. आईंना सांगाल?" मी म्हटलं तुम्हीच सांगा. "मग घेऊन या त्यांना." आई म्हणाली माका काम हा, तू जा. काम काही नव्हतं. पाय पसरून बसलेली.
गेलो. दारातूनच डबा घेऊन निघायचं ठरवलेलं. बाई म्हणाली, "उभ्या उभ्या भांडणार असशील तर आधी पाणी पी. चपला बाहेर काढ." अरेतुरे. गेलो आत. घरात पसारा, खिडकीत तुळस, पंख्याचा खडखड आवाज. बेअरिंग गेलंय. स्टूल मागितलं, उघडून बघितलं, तेल घातलं. आवाज निम्मा झाला. चिडलो होतो, पण तो आवाज ऐकवत नव्हता.
ती म्हणाली, "सी विंगमधलं तुम्ही बघितलंत ना, ते माझ्या डोक्यावर. पाय आपटत चालता का तुम्ही लोक? आत्ताच सांग."
"चिऊ आपटते."
"आणि तू?"
"मी येणार नाही."
"का?"
म्हटलं, माझं काम तिकडे असतं.
"मग तू राहणार कुठे?"
कोणी विचारलंच नव्हतं. दादाने नाही, वहिनीने नाही, आईने नाही. ज्या बाईवर मी ओरडलो तिने विचारलं. याचा पण राग आला. नारळाच्या वड्यांनी भरलेला डबा घेऊन निघालो.
दादरला उतरलो. फुलबाजारात एक जण शेवंतीच्या पाट्यांवर झोपला होता, वर्दळीत, मस्त घोरत. तिथेच पायरीवर बसून त्याला बघत निम्म्या वड्या खाल्ल्या.
घरी आई डबा उघडून बघत राहिली. "बऱ्यो आसत?"
"गोड जास्त."
"तरी एवढ्यो खाल्लंस."

१० डिसें., बुध.
शनिवारी टोकन द्यायचं म्हणतो दादा. चाळीत कळलंय. नार्वेकर मावशी येऊन रडल्या, आई रडली नाही, मावशींना चहा दिला. मग दोघी लसूण सोलत बसल्या. मला बोलावलं, मी गेलो नाही. मग गेलो.
बंड्याचा फोन आलेला. सराई सुरू, उद्यापासून ये. त्याच्या गोडाऊनला पोटमाळा आहे, सामान हलवलं तर एक माणूस झोपेल. मी विचारलं नव्हतं. त्याला कुठून कळलं कोण जाणे. चाळ.
आईने डबा घासून, पुसून, उन्हात पालथा घातला होता. संध्याकाळी बघतो तर परत लाडू. माझा हात डब्यात गेला तर चापट बसली. "ते तिचे."
जेवण झाल्यावर वहिनी मोबाइल घेऊन आली. हॉलसाठी सोफा बघतेय. दोन फोटो. एक साधा, एक रात्री उघडून पलंग होतो तो. साधा दिसायला चांगला आहे. पलंगवाला जागा खातो.
"भावजी, कुठला घेऊ?"
मी म्हटलं, तुमचं घर, तुम्ही ठरवा.
"तसं नाही. तुम्ही सांगा. शनिवारपर्यंत सांगा."
दादा पेपरात तोंड घालून बसलेला. पान उलटत नव्हता. आई डब्याचं झाकण लावत होती, लागत नव्हतं, बराच वेळ लावत होती.
उद्या बंड्याकडे सकाळी पोचायचंय. शनिवार अजून लांब आहे.
पलंगवाला दिसायला एवढा पण वाईट नाही.