पांगरवणे केंद्रावरची दोन मते

मी, मधुकर गोविंद शिरधनकर, वय वर्षे त्रेसष्ट, सध्या राहणार अल हैल, मस्कत, मूळ गाव मौजे पांगरवणे, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डोके शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. लोकसभेला तीनदा अपक्ष उभा राहून तिन्ही वेळा अनामत घालवलेल्या माणसावर दडपण आणून कोणाला काय मिळणार?

१. बँकेतील ठेव आणि पुण्याची सदनिका माझी पत्नी कल्पना हिला मिळावी, तिच्या पश्चात मुलगी इरा हिला.

२. ओमानमधल्या दुक्म बंदरातील शीतयंत्रांवर अकरा वर्षे वापरलेली माझी हत्यारांची पेटी धाकटा भाऊ प्रसाद याला द्यावी. गावातल्या बोटींची इंजिने तोच दुरुस्त करतो. नको म्हणाला तर त्याच्या दारात ठेवून यावे.

३. प्रचाराचे उरलेले कापडी फलक मच्छीमार सोसायटीला होड्या झाकायला द्यावेत. २०१४ साली मला चिन्ह मिळाले एअर कंडिशनर. जन्मभर तीच यंत्रे दुरुस्त केली म्हणून मी खूश झालो होतो. गावात तेव्हा दिवसाचे सहा तास वीज नसे. कापड मात्र उत्तम आहे.

४. पांगरवण्याच्या घरातील माझा अर्धा हिस्सा प्रसादला द्यावा. याचे कारण लिहिणे भाग आहे.

२००९ साली दोन नोकऱ्यांच्या मधली दीड वर्षे मी गावी होतो. खाडीवर साकव नाही, पोरे होडीतून शाळेत जातात, म्हणून उभा राहिलो. पांगरवण्याने मला दोनशे बारा मते दिली. २०१४ साली रजा काढून गेलो, चौसष्ट मिळाली. २०१९ साली तीस दिवसांची रजा होती. शेवटच्या सभेत कोणीतरी मला परदेशी म्हणाले, तेव्हा रागाने पासपोर्ट काढून उंच धरला आणि त्यातून परतीचे तिकीट खाली पडले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते उचलून नीट वाचले.

"मतदानाच्या दुसऱ्या दिवशी चाललास होय रे?" तो म्हणाला. "मग साकव काय फोनवरून बांधणार?"

तिकीट मस्कतमधल्या वाडी अदाईच्या माझ्या मित्राने, गुलजार मुकादमाने काढले होते. दोन्ही बाजूंचे एकदम काढले की स्वस्त पडते, ही आम्हा आखातातल्या लोकांची सवय. निवडून आलो तर काय, हा प्रश्न मला पडला नव्हता, त्यालाही नाही.

त्या वेळी पांगरवण्याच्या केंद्रावर मला दोन मते मिळाली. एक माझे. दुसरे कल्पनाचे, कारण ती माझ्याबरोबर येऊन मतदान करून गेली होती. म्हणजे महिनाभर माझे झेंडे खांद्यावर वाहणाऱ्या सख्ख्या भावाने मला मत दिले नाही. मी मस्कतहून फोन करून त्याला नको नको ते बोललो. तो एवढेच म्हणाला, "दादा, मत सांगायचं नसतं." त्यानंतर पावणेसात वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. आई गेली तेव्हाही तेराव्याला पोचलो आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कल्पना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलंय. तेव्हा मी नोटा दाबलं होतं. इराची दहावी तोंडावर आली होती. तुम्ही निवडून आला असतात तर आम्ही दोघी इथे एकट्या पडलो असतो." मी तिच्यावर रागावलो नाही. तिची भीती खरी होती. पण त्या दिवशी मला मरणापेक्षा प्रसादला न भेटता मरण्याची धास्ती वाटली.

ते दुसरे मत प्रसादचेच, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. मला पुरावा नको. मत कोणाला दिले ते सख्ख्या भावालाही सांगू नका, असे मीच प्रत्येक सभेत बजावत असे. माझी भाषणे मनापासून ऐकणारा तो एकटाच निघाला, आणि त्याचीच शिक्षा मी त्याला दिली. मी त्याचा अपराधी आहे.

५. कलम चारने माझ्या मरणाची वाट पाहू नये. पुढच्या महिन्यात गावी जाऊन ते मीच प्रसादला वाचून दाखवीन. त्याने दार उघडले नाही तर पडवीत बसून राहीन. मार्चअखेर कल्पना शाळेच्या नोकरीतून मोकळी होईल, मागून येते म्हणाली आहे. त्याआधी माझे काही बरेवाईट झाले तर इराने त्याच्यासमोर हे मोठ्याने वाचावे. तिचे मराठी अडखळते, अडखळू दे. व्हॉट्सअॅपवर पाठवू नये.

६. गुलजार साक्षीदार असल्यामुळे वकिलांच्या सांगण्यावरून त्याला काही ठेवलेले नाही. त्या तिकिटाबद्दल त्याला माफ केले आहे, एवढे त्याने घ्यावे.

हे सर्व समजून-उमजून लिहिले, पुन्हा वाचले आणि खाली सही केली.

स्थळ: अल हैल, मस्कत
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६
(सही) मधुकर गोविंद शिरधनकर

साक्षीदार:

(सही) डॉ. मैथिली रुचिर केतकर, अल हैल. मधुकररावांनी माझ्यासमक्ष सही केली.

(सही) गुलजार इस्माईल मुकादम, वाडी अदाई. मधुभाईंनी माझ्यासमोर सही केली. पुढच्या महिन्याचं तिकीट मीच काढलंय. परतीचं कधीचं काढू विचारलं, तर नको म्हणाले.