माझ्या शवपेटीवर झेंडा नको

मी, तेलेस्फोरा याप एब्वेन, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कापडदुकान, राहणार सान एउस्ताकियो, प्रांत साम्बालेस, फिलिपिन्सची नागरिक, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या राजीखुशीने करत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा क्रिसांतो "आईचं हल्ली काही खरं नाही" असे गावभर सांगत फिरतो. आईचे काय खरे आहे ते त्याने आता नीट वाचावे.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात सगळे दोन्ही मुलांना सारखे दिले होते. तेव्हा क्रिसांतो निवडणुकीला उभा नव्हता.

२. घर, दुकान आणि त्याखालची जमीन. ही जमीन माझ्या स्वकष्टाची आहे आणि ती माझ्या नावावर कशी आली हे मुलांना ठाऊक असावे म्हणून लिहिते. माझे वडील याप सियोंग चीनमधल्या फुकियनहून आले आणि या गावात कापड विकत म्हातारे झाले. आई इथलीच, कोळ्याची मुलगी. पण तेव्हाचा कायदा असा होता की बाप परका तर मुलेही परकी. आई इथली असेल तर मुलांनी सज्ञान झाल्यावर स्वतः कचेरीत येऊन सांगायचे, की आम्हांला या देशाचे व्हायचे आहे. मला एकविसावे वर्ष पूर्ण झाले आणि मी सांगायला गेले. कारकून म्हणाला, "एवढी घाई कसली, बाई? लग्न ठरलंय का?"

मी म्हटले, "नाही. शपथ कुठं घ्यायची तेवढं दाखवा."

बाकीच्यांना हा देश जन्मताच मिळाला, त्यासाठी त्यांना काही करावे लागले नाही. मी तो उजवा हात वर करून मागून घेतला. तेव्हा मला कुणी देशप्रेम शिकवायला येऊ नये.

परक्याला जमीन घेता येत नसे, म्हणून वडील जन्मभर भाड्याच्या जागेत राहिले. शपथेनंतर काही वर्षांनी मी हा तुकडा घेतला. वडिलांनी चपला काढून त्यावर चालून पाहिले आणि म्हणाले, "वाळू फार आहे." एवढेच बोलले. संध्याकाळी मी शोधत गेले तर पुन्हा तिथेच चालत होते.

कायद्याने माझ्या मालमत्तेचा निम्मा भाग दोन्ही मुलांचा आहे, त्याला मी हात लावू शकत नाही. उरलेला निम्मा माझ्या मर्जीचा आहे, तो सगळा माझी मुलगी इलुमिनादा हिचा. वाटणी करताना घर आणि दुकान इलुमिनादाकडे जावे, आणि क्रिसांतोचा कायदेशीर हिस्सा बँकेतल्या शिलकीतून व मागच्या नारळीच्या तुकड्यातून पुरा करावा. त्याला कमी का, याचा खुलासा पाचव्या कलमात आहे.

३. शिलाई मशीन, मोठ्या कात्र्या आणि दुकानातले लाकडी टेबल निम्फा कालुआग हिला द्यावे. गावाने माझ्या दुकानावर बहिष्कार टाकला तेव्हा ही एकटीच दिवसाढवळ्या कामाला येत राहिली. पगार वेळेवर मिळणार नाही असे मी सांगितले तर म्हणाली, "घरी बसून नवऱ्याचं तोंड बघण्यापेक्षा बरं." वकीलबाई विचारतात, बहिष्कार कशाबद्दल हे इथे लिहायलाच हवे का. हवे.

स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली त्या जूनमध्ये नगरपालिकेने माझ्याकडून मोठा झेंडा शिवून घेतला. चौकातल्या खांबासाठी म्हणून. सूर्याचे किरण मी हाताने टाचले, मशीनवर ते नीट बसत नव्हते. बारा तारखेला ठेवणीतले कपडे घालून, नटून मी चौकात गेले, तर खांबावर जुनाच झेंडा होता. माझा झेंडा नगराध्यक्ष हेर्मोहेनेस दाकानाय यांच्या वडिलांच्या नव्या पुतळ्याभोवती गुंडाळलेला, वरून नायलॉनच्या दोरीने आवळलेला, आणि खालचे टोक चिखलात. पुतळ्यावर झेंडा घालू नये असा कायदा त्याच वर्षी झाला होता. नगराध्यक्षांना तो माहीत नव्हता असे नाही. आधीच्या महिन्यात त्यांनीच तो चर्चबाहेर माइकवरून वाचून दाखवला होता.

मी दोन शिपायांच्या मधून पुढे गेले आणि दोरीची गाठ सोडू लागले.

"बाई, काय चाललंय?" नगराध्यक्षांनी व्यासपीठावरून विचारले.

"झेंडा काढते आहे."

"प्रमुख पाहुणे यायचे आहेत अजून."

"मग त्यांच्यासाठी चादर मागवा. दुकानात आहेत, देते."

काही लोक हसले. मी झेंडा ओढला आणि दाकानाय यांचे वडील पाहुण्यांच्या आधीच उघडे पडले. तेव्हा हसणे थांबले आणि मागून कुणीतरी ओरडले, "इंत्सिक, चीनला जा." इंत्सिक ही इथे चिन्यांना द्यायची शिवी. मग तेच पुष्कळांनी म्हटले. त्यांतल्या काहींच्या लग्नाचे कपडे मी शिवले होते. मी झेंड्याची घडी घालत राहिले. इतका मोठा झेंडा एकटीला आवरेना. मला पकडायला आलेले पोलीस बाल्तासार पेन्यारान्दा यांनी दुसरे टोक धरले, माझ्याबरोबर घडी पुरी केली, आणि मग म्हणाले, "चला आता. अटक आहे तुम्हांला." या मृत्युपत्रावर ते साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले, तेव्हा मी बाल्तासार यांना विचारले होते, वस्तू हवी की सही. त्यांनी सही करणे पसंत केले.

समारंभात अडथळा आणि झेंड्याची विटंबना, असा गुन्हा माझ्यावर लावला. माफीवर सही केली तर सोडतो म्हणाले. माझे यजमान प्रिमितिवो होड्या बांधत. ते चौकीत भात आणि सुकी मासळी घेऊन आले. सही कर किंवा करू नको, काही म्हणाले नाहीत. मी जेवले, त्यांनी डबा आवरला आणि विचारले, "उद्याचं पण आणू?"

"आणा," मी म्हटले.

ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. आमच्या संसारात मला त्यांचा याहून अभिमान वाटला असे आठवत नाही.

जामीन झाला, खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी कायद्याचे कलम वाचले आणि नगराध्यक्षांना विचारले, "पुतळा झाकायला दुसरं कापड नव्हतं का?" नगराध्यक्ष म्हणाले, "होतं, पण त्याला हा रंग नव्हता." मी सुटले. पण शाळेच्या गणवेशाचे काम माझ्या हातून गेले, पाठोपाठ बँडचे, मग चर्चच्या गायकमंडळाचे. रस्त्यात लोक मान वळवून जात. जुने नगराध्यक्ष आता नाहीत. त्यांना क्षमा केली का, असे फादर मला दर कबुलीच्या वेळी विचारतात. नगराध्यक्ष वारले तेव्हा मी फुले पाठवली. क्षमा हा वेगळा विषय आहे.

४. धाकटा भाऊ वेन्सेस्लाओ याप याला वडिलांचे परकीय म्हणून नोंदणीचे कार्ड द्यावे. त्यावर वडिलांचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा आहे, मी ते काचेत बसवून घेतले आहे. मी चौकीत असताना तो मला समजवायला आला होता. आमच्या घरी ताईला आची म्हणतात. तो म्हणाला, "आची, सही करून टाक. आपण इथं पाहुणे आहोत. पाहुण्यानं घरमालकाशी वाद घालू नये."

"वेन्सेस, तू असशील पाहुणा. मी घरची आहे. घरात घाण दिसली की घरचंच माणूस ओरडतं."

"तुझ्या ओरडण्यानं माझं गिऱ्हाईक जातं."

गिऱ्हाईक गेले नाही. गणवेशाचे काम त्यालाच मिळाले, आणि तेव्हापासून आम्ही चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूला बसतो. त्याने हे कार्ड त्याच्या दुकानात, गल्ल्याच्या वर टांगावे. ज्या माणसाला सरकारने मरेपर्यंत परका म्हटले त्याच्या पोटी जन्मलो म्हणून आम्ही पाहुणे ठरत नाही. वेन्सेसनेही माझ्यामागोमाग तीच शपथ घेतली आहे. त्याने ती पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहावी, एवढेच मागणे.

५. माझा मुलगा क्रिसांतो एब्वेन, आणि झेंड्याचा ठराव.

गेल्या काही वर्षांत समोरच्या समुद्रात आमच्या कोळ्यांना चीनची जहाजे हुसकावू लागली. पाण्याचे फवारे मारतात, जाळी तोडतात. माझे मावसभाऊ, मामेभाऊ, सगळे त्या पाण्यावर जगले. त्यांचा राग तो माझाही राग. तरी एका सकाळी माझ्या दुकानाच्या शटरवर लाल रंगात लिहिलेले दिसले, 'परत जा'. इलुमिनादा घासायला बादली घेऊन आली. मी तिला थांबवले आणि खाली खडूने लिहिले, 'कुठे?' उत्तर अजून आलेले नाही.

त्यानंतर क्रिसांतो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याने फलक छापले, त्यांवर मागे झेंडा आणि सूर्याच्या जागी स्वतःचा चेहरा. माझ्या दुकानासमोरचे तेवढे मी काठीने काढले. मग तो एक कागद घेऊन आला.

"नानाय, नगरपालिकेनं ठराव केलाय. तुझ्या अंत्ययात्रेत पेटीवर झेंडा घालायचा. बँड, पोलिसांची सलामी, सगळं."

"कधी आहे?"

"काय?"

"माझी अंत्ययात्रा."

"तसं नाही गं. ठराव आधी करून ठेवावा लागतो. झेंड्यासाठी तू एवढं केलंस, गावाला आता ते पटलंय. आणि सध्या दिवस कसे आहेत बघ. लोकांना दिसू दे, की इथले चिनीसुद्धा आपल्या बाजूनं आहेत."

"कोण चिनी?"

तो कागदाची घडी घालू लागला.

"तुझी पणजी कोळीण, आजी कोळीण, बाप होड्या बांधणारा. तुझी आई शपथेवर इथली. यात चिनी कोण, ते बोटानं दाखव."

"नानाय, मला मतं हवी आहेत."

एवढे तरी तो खरे बोलला. ठरावावर सही सध्याच्या नगराध्यक्षांची, म्हणजे त्याच दाकानाय यांच्या मुलाची आहे.

म्हणून मी लिहून ठेवते: माझ्या शवपेटीवर झेंडा घालू नये. कुणी घातलाच तर इलुमिनादाने तो सर्वांसमोर काढावा. कसा काढायचा ते तिला ठाऊक आहे, त्या दिवशी ती चौकात होती. सैनिकाच्या पेटीवर झेंडा शोभतो. मी कापड विकले, कर भरले, मत दिले, शेजाऱ्यांशी भांडले. नागरिक एवढेच करतो आणि तेवढे पुरते. ज्यांच्याबद्दल शंका नसते त्यांच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. मी पुरावा म्हणून पुरली जाणार नाही. वरील ठराव मी नाकारत आहे, आणि या कलमाची एक प्रत चौकातल्या सूचनाफलकावर लावावी.

क्रिसांतो वाईट नाही. पूर आला तेव्हा तो आजारी बापाला पाठीवर घेऊन टेकडी चढला होता. बापाची हत्यारे, म्हणजे वाकस, रंधे आणि पटाशी, मी त्यालाच ठेवते. त्याचा हात चांगला आहे, आणि निवडणूक हरल्यावर ती उपयोगी पडतील. जिंकला तर अधिकच उपयोगी पडतील, रोज दोन तास तरी खरे काम होईल.

६. घरावरचा झेंडा इलुमिनादाकडे राहील. वादळाचा इशारा आला की आधी झेंडा आत, मग वाळत घातलेले कपडे. विरला की फेकायचा नाही, पुसायला घ्यायचा नाही. मागच्या अंगणात शांतपणे जाळायचा आणि राख पुरायची. फोटो काढायचा नाही. निळा पट्टा वर. लाल वर केला तर ते युद्ध पुकारणे होते. शेजारच्या एका उत्साही तरुणाने मागल्या वर्षी छपरावर उलटा लावला होता. मी काठी घेऊन खाली उभी राहिले, आधी त्याला उतरवले आणि मग झेंडा सरळ करायला लावला. "लोला, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" असे त्याने मला, आजीला हाक मारावी तसे, विचारले. मी म्हटले, "तुझ्या आईच्या. युद्ध झालं तर तिला तू परत हवा आहेस."

७. अंत्यविधी साधा करावा. भाषणे नकोत, कुणी कागद काढलाच तर बाल्तासार यांनी त्याला हाताला धरून बाजूला न्यावे, त्यांना सवय आहे. चर्चकडून दफनभूमीकडे जाणारा रस्ता प्राथमिक शाळेवरून जातो. सोमवार असेल आणि शाळेत झेंडा चढत असेल, तर अंत्ययात्रा जिथे असेल तिथे थांबवावी. पेटी खाली ठेवू नये. ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांनी हात छातीवर ठेवावा, खांदेकऱ्यांनी नुसते सरळ उभे राहावे. माझे वडील परके म्हणून जगले आणि परके म्हणून मेले, पण शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आले की कातर खाली ठेवून ते दुकानाच्या दारात उभे राहत. गिऱ्हाईक ताटकळले तरी हलत नसत. त्यांना तसे कुणी सांगितले नव्हते, आणि कुणी बघतही नव्हते.

मुले शेवटची ओळ नेहमी बेसूर म्हणतात. ती पुरी होऊ द्यावी. मग चालू लागावे, ऊन चढेल.

हे मृत्युपत्र मी वाचले, वकील पुरिफिकासियोन लाक्सामाना यांनी नको म्हटलेला मजकूरही मुद्दाम ठेवला, आणि प्रत्येक पानाच्या डाव्या समासात व शेवटी साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या.

सान एउस्ताकियो, साम्बालेस
१० फेब्रुवारी २०२५

(सही) तेलेस्फोरा याप एब्वेन

साक्षीदार:
(सही) बाल्तासार पेन्यारान्दा, निवृत्त पोलीस
(सही) हेनोवेवा मारामाग, शिक्षिका, प्राथमिक शाळा
(सही) सेवेरो आब्रेनिका, कोळी