होक्काइडोचे शेवटचे दोन दिवस

शॉमबर्ग
१९ नोव्हेंबर २०२३

चि. राजीव यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. पण बाबा रे, ते अक्षर आहे की मुंग्यांची रांग? तुझ्या सुवर्णावहिनीने भिंग शोधून दिलं तेव्हा कुठे वाचता आलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून तर आपण दोघे भाऊ पुन्हा पत्रांवर आलो. तेव्हा जरा मोठं लिहीत जा.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत आपण स्कीइंगला जपानला जायचं. होक्काइडो. मी ठरवून टाकलंय. शहाऐंशीच्या जानेवारीत विस्कॉन्सिनच्या त्या टेकडीवर पहिल्यांदा गेलो ते आठवतं? नागपूरहून येऊन तुला जेमतेम पाच महिने झालेले, भाड्याचे बूट, माझी जुनी माकडटोपी, आणि दिवसभरात तू सव्वीस वेळा पडलास. मी खाली तुझी वाट पाहत उभा राहून मोजत होतो. तिथे एका जपानी बाईंनी आपल्याला सांगितलं, की हा बर्फ नव्हेच, हा काचेचा चुरा आहे, खरा बर्फ आमच्या होक्काइडोत पडतो. तेव्हापासून दर हिवाळ्यात आपण म्हणतोय, पुढच्या वर्षी नक्की. मी सदुसष्टचा झालो, तू बासष्टचा. आता आणखी किती पुढची वर्षं धरून बसायचं?

मृणालिनीला विचारत बसू नकोस, नुसतं सांग. आणि तुमच्या सावनीला म्हणावं, काकाला ते ऑनलाइन बुकिंग जमत नाही, जर्सी सिटीत बसल्या बसल्या तेवढं कर.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा


पिस्कॅटवे
३ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रेघांचा कागद मुद्दाम आणलाय, आता तरी भिंग लागू नये.

तुझं पत्र वाचून दिवसभर हसत होतो. मृणालिनी आधी नको म्हणाली. तिचीही काही कारणं होती. पण मी हट्टच धरला. येतोय. सावनीने सगळं बुक केलं. दहा फेब्रुवारीला तू शिकागोहून निघ, मी नेवार्कहून निघतो. टोकियोला भेटू, तिथून साप्पोरो, आणि पुढे अडीच तास बस. गाव लहान आहे, पण राहण्याच्या जागेतच गरम पाण्याचं कुंड आहे म्हणे.

एकच अट आहे, दादा. या वेळी मला खालच्या सोप्या उतारांवरच राहू दे. दोन वर्षांत स्कीवर पाय ठेवलेला नाही. तू वर जाऊन मनसोक्त खेळ, मी खाली कॉफी घेऊन बसेन. मला वर ओढू नकोस. का, तेही विचारू नकोस.

वहिनीला नमस्कार. धाकट्यावर लोभ ठेव, नेहमीसारखा.
राजीव


शॉमबर्ग
२ मार्च २०२४

चि. राजीव यास,
अ. आ.

खांदा कसा आहे? परत येऊन दोन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. सावनीला विचारलं तर तिने इंग्रजीत दोन शब्द पाठवले, की बाबा विश्रांती घेतोय. तू रागावला असशील. पण सगळा राग माझ्यावरच काढणं बरोबर नाही, म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

पहिले तीन दिवस किती मजेत गेले! बर्फ वळचणीपर्यंत चढलेला, आणि त्या मालकीणबाई रोज सकाळी फावड्याने दारातली वाट मोकळी करायच्या. कुंडात चष्म्यावर वाफ धरली आणि तू एका अनोळखी जपानी आजोबांनाच दादा म्हणून हाक मारलीस, तेही बिचारे वाकून हो म्हणाले. डोंगरावरच्या उपाहारगृहातला तो गोडसर कढीसारखा रस्सा आणि भात, नावं ठेवत ठेवत दोघांनी दोन-दोन ताटं संपवली.

चौथ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. मी म्हणालो, आज वर चल. तू नको म्हणालास. वर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या रांगेत सिअॅटलचं ते मराठी जोडपं उभं होतं, त्यांना मी हसत हसत सांगितलं, की आमचा राजीव बायकोची परवानगी आल्याशिवाय लिफ्टमध्येसुद्धा बसत नाही. ते हसले. तू येऊन बसलास. वर उतरताना तुझा पाय हललाच नाही, लिफ्ट थांबवावी लागली, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो. दुसऱ्या वळणावर तू वळलाच नाहीस, सरळ झाडांत गेलास. खांद्याचं हाड मोडलं. बचाव पथकाने तुला घसरगाडीवरून खाली आणलं.

दवाखान्यात मी तुला म्हणालो, की अडतीस वर्षं वाट पाहिली आणि तू सराव न करता येऊन माझी ट्रिप मातीत घातलीस. हे मी बोलायला नको होतं. पण तयारी नाही, हे तूही आधी नीट सांगायला हवं होतंस. शहाण्या माणसाने अंदाज घेऊन यावं.

औषधं वेळेवर घे. उत्तर धाड.
दादा


पिस्कॅटवे
१४ मार्च २०२४

ती. दादांना,
मृणालिनीचा नमस्कार.

हे पत्र राजीवला न सांगता लिहितेय. लग्नाला तीस वर्षं झाली, तुम्हाला असं पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

राजीवला पार्किन्सन्स आहे. गेल्या सप्टेंबरात कळलं. अक्षर बारीक होत जाणं, पाऊल जागच्या जागी खिळणं, ही त्याच आजाराची लक्षणं आहेत. त्या लिफ्टवर तो घाबरला नव्हता, दादा. त्याचा पाय त्याचं ऐकत नव्हता.

डॉक्टरांनी सोप्या उतारांना हरकत घेतली नव्हती. तुम्हाला काही कळू द्यायचं नाही, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. दादाला कळलं तर तो ट्रिप कॅन्सल करेल, म्हणाला, आणि यंदा गेलो नाही तर मी कधीच जाणार नाही. मी गप्प बसले. सुवर्णावहिनींना एक फोन केला असता तर त्याला कुणी वर नेलं नसतं. तो फोन मी केला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

ऑपरेशन झालं. हाड जुळतंय, पण तोल फार गेलाय. स्कीइंग आता संपलं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तुमचं पत्र त्याने दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मला मात्र ते फाडून टाकावंसं वाटलं. लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण खोटं लिहवत नाही.

तुमची,
मृणालिनी


शॉमबर्ग
२४ मार्च २०२४

राजीव,

आशीर्वाद द्यायची आज माझी लायकी नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मृणालिनीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस, तिने लिहिलं ते बरं केलं. तुझ्या अक्षराची मी केलेली चेष्टा आठवते आणि जेवण जात नाही. सुवर्णा माझ्याशी मोजकंच बोलते. तिचं म्हणणं, की तू अट घातली होतीस, का ते विचारू नकोस म्हणालास, आणि त्याच वेळी मी विचारायला हवं होतं.

पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे. तू हात गळ्यात बांधून खोलीत पडला होतास आणि शेवटचे दोन दिवस मी वर गेलो. तू जा म्हणालास, हे खरं. पण तू म्हणायच्या आधीच मी बूट चढवले होते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दोन दिवस होते ते, राजीव. वाईट गेले असते तर आज बरं वाटलं असतं.

स्की कुणाला तरी देऊन टाकतोय. मला तिकडे यायचंय. येऊ का, एवढं कळव.

दादा


पिस्कॅटवे
२० एप्रिल २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

मी सांगतोय आणि मृणालिनी लिहितेय, त्यामुळे अक्षराची तक्रार करायला तुला जागा नाही.

येऊ का म्हणून काय विचारतोस? ये.

लागलं नाही, असं खोटं कशाला सांगू? पडल्याचं काही नाही. त्या जोडप्यासमोर हसलास, ते लागलं. पण फसवलं मीही. तुला आधी सांगितलं असतं तर तू माझ्यासोबत खालीच थांबला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच मला नको होतं. मला तुझ्यासोबत पूर्वीसारखं, बरोबरीने हिंडायचं होतं. लिफ्ट वर जाईपर्यंत सांगायला दहा मिनिटं होती. तू झाडांच्या फांद्यांवरचा बर्फ दाखवत होतास, सारखा बोलत होतास. इतका खूश होतास की माझ्या तोंडून शब्द निघेना. माझ्यामुळे तुला असं जन्मभराचं ओझं झालं, याची टोचणी मला आहे.

आता माफीची पत्रं पुरेत. स्की देऊ नकोस.

त्याऐवजी एक कर. त्या दोन दिवसांबद्दल मला कुणीच काही सांगितलेलं नाही. तू परत यायचास ते तोंड पाडून. मला वाटायचं, माझ्यासाठी. मला आता तिकडे कधी जाता यायचं नाही. वर बर्फ कसा होता ते लिही. मला जपून लिहू नकोस.

लोभ कमी झालेला नाही, हे मुद्दाम लिहायला सांगतोय.
राजीव


शॉमबर्ग
२८ एप्रिल २०२४

चि. राजीव यास,
आशीर्वाद, पुन्हा हक्काने.

तू सांगितलंस म्हणून लिहितो. तीन कागद फाडले, हा चौथा.

पहिल्या दिवशी साडेआठलाच वर होतो. ताजा बर्फ गुडघ्याच्या वर. विस्कॉन्सिनच्या त्या जपानी बाई खोटं बोलल्या नव्हत्या. हा बर्फ पायाखाली लागतच नाही, तळ कुठे आहे ते कळत नाही. स्कीचा आवाज येईना, म्हणून वाटलं कानातल्या यंत्राची बॅटरी गेली. यंत्र काढून पाहिलं, तर बॅटरी ठीक होती. आवाजच नव्हता. वळलं की बर्फ छातीपर्यंत उडायचा, तोंडात जायचा. भूर्जांच्या झाडांमधून वाट काढत उतरलो तेव्हा मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते ठाऊक नाही. एकदा आपटलो, स्की कुठे गेली ते दहा मिनिटं सापडेना, आणि त्या खड्ड्यात बसून मी एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. समोरचा ज्वालामुखी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दिसला, पांढराशुभ्र, त्यावर एक रेघ नाही. मी लिफ्टने पंधरा वेळा तरी वर गेलो. जेवलो नाही.

तुझी आठवण आली का, हे तू विचारलं नाहीस. जपून लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहितो. वर असताना नाही आली. एकदाही नाही.

मग लिफ्ट बंद व्हायच्या वेळी शेवटचा उतरलो. तळाशी आलो, थांबलो, आणि मागे वळून उताराकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ तसाच उभा होतो. शेवटी लिफ्टवरचा माणूस जवळ आला आणि खुणेने विचारू लागला, की वरून आणखी कुणी यायचंय का. मी मान हलवून हो म्हणालो. त्याने वर फोन लावला तेव्हा भानावर आलो आणि हात हलवून नाही, नाही म्हणत राहिलो.

शनिवारी दुपारी पोचतो. बेल वाजल्यावर दार उघडायला उठायची घाई करू नकोस. मी थांबेन.

तुझा,
दादा