दुपारी एक ते चार लिफ्ट बंद

सोमवार, ४ मे

नोकरी लागली! हिंजवडीत, दुपारची पाळी, पुढच्या सोमवारपासून. कंपनीची बस दोन वाजता आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येणार. दोन वर्षं घरी बसून काढली — व्हीलचेअर असल्यावर बसण्यात माझा हात कोण धरणार म्हणा. आईने मजलाभर पेढे वाटले.

मंगळवार, ५ मे

लिफ्टपाशी पाटी — ‘वसुंधरा वाचवा. दुपारी १ ते ४ लिफ्ट बंद. जिना चढल्याने प्रकृती सुधारते. हुकमावरून, हरित समिती.’

हरित समिती म्हणजे नागोराव काका. राहतात पहिल्या मजल्यावर. आम्ही चौथ्या.

फोन केला. ‘अगं राजनंदिनी, दुपारी शहाणी माणसं झोपतात. आणि पृथ्वी वाचवायला नको का?’ म्हटलं, पृथ्वीवर मीही राहते काका, चौथ्या मजल्यावर. ‘मग शनिवारी सभेत येऊन मांड.’ सभा गच्चीत. लिफ्ट गच्चीपर्यंत जातच नाही.

रडले. रागानेच. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार?

बुधवार, ६ मे

आई म्हणते, ‘पाळी बदलून माग.’ का म्हणून? वीज वाचवायला माझी ना नाही, घरातले दिवे मीच बंद करत फिरते. पण फाटकाजवळचं कारंजं दिवसभर उडतं, ते कुणाला दिसत नाही. काटकसर सुचली की पहिली माझीच लिफ्ट बरी सापडते!

गुरुवार, ७ मे

काकांना कळवलं — मला गच्चीत येता येत नाही, तेव्हा सभा माझ्या घरी. शनिवार, दुपारी दीड.

शनिवार, ९ मे

आले! नियम म्हणजे नियम, म्हणून समितीचे चौघेही जिन्याने. खजिनदार मच्छिंद्र यांनी दारातच बसकण मारली. आईने पन्हं दिलं. नागोराव काका घामाने निथळत होते, पण हेका सोडतील तर शपथ. ‘लिफ्ट हवी कशाला? आम्ही चौघं तुला रोज उचलून खाली नेऊ.’

म्हटलं, काका, गणपतीलासुद्धा वर्षातून एकदाच उचलतात. ऐकेनात. उचललंच.

पहिल्याच वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. मच्छिंद्र यांची कंबर धरली. मी जिन्यात तिरकी, खाली नुसत्या पायऱ्या. हसण्यावारी नेतेय, पण घाबरले होते. फार घाबरले होते. नागोराव काकांनी मात्र खुर्ची सोडली नाही. मग त्यांनीच खाली वॉचमनला हाक मारली, ‘लिफ्ट चालू करा हो.’

ठराव तिथेच, जिन्यात, सर्वानुमते मंजूर. लिफ्ट चालू, कारंजं बंद. मच्छिंद्र लिफ्टनेच खाली गेले.

सोमवार, ११ मे

वेळेत खाली उतरले. बस आली — नवीकोरी, विजेवरची, धूर नाही की आवाज नाही. दाराला तीन उंच पायऱ्या. ड्रायव्हर म्हणाला, ‘मॅडम, उचलून घेऊ का?’

मी तोंड उघडायच्या आत नागोराव काका ऐन झोपेच्या वेळी, बनियनवर, बससमोर येऊन उभे राहिले. ‘उचलायचं नाही. साहेबांना फोन लावा, हिला चढता येईल अशी गाडी मागवा. तोवर ही बस हलणार नाही. मला घाई नाही, मी रिटायर्ड आहे.’