आधी डावा

ता. २, सोमवार
पाडलं मी आईंना! सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत घेताना माझा डावा हात ऐन वेळी सुटला, आणि त्या घसरत खाली बसल्या. देवाची कृपा, लागलं नाही. पण वन्सं नेमक्या समोर! "वहिनी, तुझ्याच्यानं आता होत नाही. २९ला येते. त्या दिवशी तुझी तू उचललीस तर ठीक, नाहीतर आईला संस्थेत ठेवू." तोवर आमच्या ह्यांनी उचलायला मदत करायची.
आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ता. ३, मंगळवार
दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी एकेका हाताने वजन उचलायला लावलं. उजव्याने पंधरा वेळा. डाव्याने पाच — तेही थरथरत! आईंची डावी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सगळा भार मी उजव्यावरच घेतेय म्हणे. "आधी डावा. तो जितके करेल तितकेच उजव्याने. एकही जास्त नाही."
डंबेल आणा म्हणाल्या. कशाला? घरात मीठ आहे. दोन पुडे पिशवीत घातले. नंतर भाजीत जाईल.

ता. ५, गुरुवार
हे म्हणजे धडधाकट माणसाला बसवून आजाऱ्याला कामाला जुंपायचं! अंगात जोर असून उजव्याने पाचावर थांबायचं? मला वाया गेलेलं काहीच बघवत नाही. उजव्याने दहा जास्तीचे केले.

ता. ९, सोमवार
बाईंनी पुन्हा बघितलं. उजवा अठरा, डावा पाच. "उजव्याने जास्त करता ना?" खोटं कसं बोलणार? नुकतीच देवासमोरून उठून गेले होते. "अंतर कमी करायचंय की वाढवायचंय?"

ता. १०, मंगळवार
माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून मोजायचं काम आईंना दिलं. घोडचूक! "तीन... चार..." आणि गप्प. मी पिशवी धरून ताटकळतेय.
"आई, पुढे?"
"चार."
"अहो, झालं की चार!"
"मोजतंय कोण? तू का मी?"

ता. १३, शुक्रवार
चार. चार. चार! उजव्याच्या वेळी मात्र कसं धडाधड मोजतात. मुद्दाम छळतात, दुसरं काय!

ता. १७, मंगळवार
जीव नकोसा करणारा उकाडा, आणि आईंना पांघरूण हनुवटीपर्यंत! काढू म्हटलं तर हात लावू देईनात. उशी घामाने भिजली. तुमच्याही हाताचा व्यायाम करा म्हटलं, तर तेच जुनं — "मेलेल्या हाताला काय शिकवायचं?"
आमचे हे म्हणतात, "तिला मोजता येत नाही, तुला उचलता येत नाही. जोडी बरी जमलीय!" ह्यांना हसू कसलं सुचतं!

ता. २१, शनिवार
माझ्या मोजणीने डावा आठ! उजवाही आठच, नुसता फुरफुरतोय. देवा, तू दोन्ही सारखेच दिले होतेस, एकाला मीच लाडावलं. आईंच्या हिशेबी अजून चारच.

ता. २५, बुधवार
आज फटकन बोलले. "जायचंय का तुम्हाला त्या संस्थेत? मग नीट मोजा तरी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी वर म्हणतात, "उद्याही मीच मोजणार."

ता. २९, रविवार
वन्सं आल्या. मी वाकून आईंच्या पाठीमागे दोन्ही हात घातले. तेवढ्यात पांघरुणातून त्यांचा डावा हात बाहेर आला — दोन वर्षं निपचित पडलेला! लटपटला, अर्ध्यावर अडला, पुन्हा निघाला आणि माझा खांदा धरून बसला. माझा हात सुटला नाही. खुर्चीत टेकल्यावर, वन्संकडे न बघता, आई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पाच."