वॉटीच्या समोर टांगलेलं झाकण

हे लिहायला मी फार उशीर केला, त्याबद्दल माझी भाची इसोबेल हिने क्षमा करावी. दर हिवाळ्यात लिहू म्हणायचो, आणि थंडी पडली की बोटं वळत नसत.

मी हेक्टर गेडीस, शिडं शिवणारा, राहणार डंडी. पूर्ण शुद्धीवर आहे, कोणी धाक घातलेला नाही. शाळा थोडी झाली. चुकलं तिथे अर्थ धरावा.

एक. घर आणि बँकेतली शिल्लक इसोबेलला. मागचं दार फुगतं, खांद्याने लोटावं. कुलूप दोनदा ओढून पाहावं.

दोन. शेजारी क्रेगने नेलेली शिडी त्यालाच राहू द्यावी. मागून मी थकलो.

तीन. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात मी आणि माझा सोबती वॉटी लॉरिमर ज्या एका कातडी पिशवीत झोपलो, ती वॉटीला. कापून अर्धी करू नये.

चार. पातेल्याचं झाकण. इथे थोडं सांगणं भाग आहे. परतीच्या वाटेवर अन्न संपत आलं. बिस्किटं फुटलेली, वाटे सारखे होत नसत. म्हणून बर्फावरची रीत अशी, की एकाने वाटे मांडायचे आणि दुसऱ्याने पाठ फिरवायची. मांडणारा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "कोणाचं?" पाठमोरा नाव घेतो. भांडण नको.

"माझे हात कापतात, तू मांड," म्हणून वॉटी रोज पाठ फिरवी. मोठा वाटा माझ्याच नावावर येई. "नशीब काढलंस लेका, गीळ!" म्हणे. मी गिळलं. शेवटी मी चालत होतो आणि त्याला बर्फावरच्या घसरगाडीवर बांधून ओढत होतो. गोठून काळे पडलेले त्याचे दोन्ही पाय कापावे लागले.

गेल्या हिवाळ्यात ते झाकण घासून खिळ्याला लावलं, तर त्यात माझ्या पाठीमागचं टेबल दिसलं. तंबूतही ते झाकण पाठ फिरवलेल्या वॉटीच्या तोंडासमोर असे. टांगलं त्यानेच होतं.

मी आर्ब्रोथला त्याच्या घरी जाऊन विचारलं, "वॉटी, तू त्यात बघत होतास?"

"म्हातारचळ लागलाय तुला. चहा पी."

"पाय गेले रे तुझे!"

"माझे गेले ना? तुला काय करायचंय? जा घरी."

तेव्हापासून माझ्या पत्रांना उत्तर नाही. म्हणून झाकण त्याला देऊ नये. माझ्या शवपेटीत ठेवावं, चकाकती बाजू खाली.

पाच. घड्याळ, चांगला कोट, पाईप आणि बाकी किडूकमिडूक यांचे इसोबेलने दोन वाटे मांडावेत. वॉटीची खुर्ची भिंतीकडे वळवावी. समोर काहीही चकाकणारं नसावं. मग बोट ठेवून विचारावं, "कोणाचं?" तो तुझंच नाव घेईल, इसोबेल. घेऊ दे. त्याने कोणतंही नाव घेतलं तरी दोन्ही वाटे त्याचे.

याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

साक्षीदार: डेव्हिड स्टरॉक, पाववाला
साक्षीदार: ॲलन फेअरवेदर, दोरखंडवाला

हेक्टर गेडीस
डंडी, १२ नोव्हेंबर १९३४

वॉटी, हे वाचतील तेव्हा मी नसेन, म्हणून एक नक्कल आजच तुला धाडतो आहे. बघत होतास की नव्हतास, एवढंच सांग. माझी छाती आता फार वाजते. लवकर कळव.