सीतेच्या वेणीला माती नको

इंदूवन्सं,

तुम्ही देवळातून याल तोवर मी निघालेली असेन. माझा भाऊ टांगा घेऊन आलाय, बेलापूरची गाडी गाठायची आहे. भात वैलावर ठेवलाय.

ह्यांनी भंडारदऱ्याहून आणलेली सीतेची वेणी सडायला लागली होती. आईंना तिची उघडी मुळं बघवेनात, म्हणून त्यांनी तुळशीतली काळी माती आणून तिच्या गळ्यापर्यंत भरली. झाडाच्या फांदीवर वाढणारी जात ती, मातीत गुदमरते. सडकी मुळं छाटून मी ती भोकं पाडलेल्या मडक्यात लावलीय, विटेचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आणि कोळसे घालून. माजघराच्या खिडकीतच राहू दे. पाणी साचू देऊ नका. आणि आई कितीही रडल्या तरी माती घालू देऊ नका.

कोळसे इस्त्रीचे घेतलेत. तुमच्या दादांना जाऊन वर्ष होत आलं, तरी आई दर सोमवारी त्यांचा कचेरीचा सदरा इस्त्रीपाशी काढून ठेवतात. मी तो मुकाट्याने कडक करून परत खुंटीला लावत आले. आता माझ्याच्याने होत नाही.

येत्या सोमवारपुरते कोळसे डब्यात ठेवलेत.

प्रेमला